बारा सिलिंडरांचा खड्डा

नवीन इंजिन सहा सिलिंडरचं निघालं.

आता हे वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा. मीही ते लिहिलेलं नाही. इटलीतल्या आमच्या बोर्गोसेक्को गावात असं काही घडलेलं नाही. घडलंच असेल तर गावाच्या हद्दीबाहेर घडलं असेल, आणि हद्दीबाहेरच्या गोष्टींना आम्ही जबाबदार नाही. तिकडे लोक दुपारच्या जेवणानंतरसुद्धा दुधाची कॉफी पितात.

मी फरशांच्या दुकानात नोकरीला आहे. बाथरूमसाठी कोणता करडा रंग घ्यावा हे मी लोकांना सांगतो आणि लोक ते न ऐकता पांढरा घेऊन जातात. सांगायचं कारण एवढंच की मोटारीच्या इंजिनावर बोलायचा मला काडीचाही अधिकार नाही. पण आमच्या गावात हा अधिकार नसलेला माणूस बोलायचा थांबल्याचं कुणी पाहिलेलं नाही. गावाच्या टोकाला कारखाना आहे. त्याचं नाव आम्ही घेत नाही. घरात 'आई' म्हटल्यावर कुणाची, असं कुणी विचारतं का, तसंच ते. तिथे बनणारी गाडी विकत घेतलेला माणूस गावात कुणी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, पण त्याला ती चालवता येत नाही याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे.

कारखाना नवीन इंजिन काढतोय, अशी बातमी नोव्हेंबरात आली. बातमी एवढीच होती. तेवढ्यावर विल्मेरच्या बारमधला सगळा हिवाळा निघाला. बार म्हणजे जिथे सकाळी कॉफी मिळते, दुपारी पत्ते मिळतात आणि दिवसभर सल्ला मिळतो ती जागा. तिथे इंजिन किती लिटरचं, आवाज कसा, ते बसवल्यावर गाडी बोलोन्याला किती वेळात पोचेल आणि बोलोन्यात पार्किंग मिळेल का, इथपर्यंत सगळं ठरलं. एकाच मुद्द्यावर कधी चर्चा झाली नाही, कारण त्यात चर्चा करण्यासारखं काही नव्हतं. सिलिंडर बारा. जसे वर्षाला महिने बारा.

मार्च महिन्यात, दाताच्या डॉक्टरकडे एक मासिक चाळून आल्यामुळे, मी म्हणालो, "मला वाटतं सहाचं असेल. सहा सिलिंडर, दोन टर्बो आणि जोडीला विजेची मोटर."

कॉफीचं यंत्र फुसफुसत होतं ते थांबलं. विल्मेरने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

"एर्मेस," तो म्हणाला, "तू बाहेर असं बोलतोस हे आईला माहीत आहे का?"

"शिवणयंत्र," सहा सिलिंडरच्या आवाजाबद्दल नेरिओ म्हणाले. नेरिओ निवृत्त खाटीक आहेत आणि एका शब्दाच्या पुढे क्वचितच जातात.

लेआर्कोंनी पत्ते उलटे करून टेबलावर ठेवले, आणि ते जिंकत होते. लेआर्को माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. वय चौऱ्याऐंशी. कारखान्याच्या ओतशाळेत त्यांनी आयुष्यभर बारा सिलिंडरच्या इंजिनांचे ठोकळे ओतले. सकाळी उठले की ते काठीने जमिनीवर ठोकतात, ती जमीन म्हणजे माझं छत, आणि मग मी उठतो. माझ्याकडे गजराचं घड्याळ नाही, कधी लागलंच नाही.

"सहाचं निघालं," ते सावकाश म्हणाले, "तर मी वारेसेला मिरेल्लाकडे राहायला जाईन."

मिरेल्ला त्यांची मुलगी. ती दर रविवारी फोन करून म्हणते, पप्पा, खोली तयार आहे, लिफ्ट आहे, बागेतून तळं दिसतं, रस्त्याला एक खड्डा नाही. लेआर्को दर रविवारी 'बघू' म्हणतात. बारमध्ये कुणी हसलं नाही, कारण लेआर्को बोलले की करतात. कधीतरी रागाच्या भरात ते म्हणाले होते की यापुढे टोमॅटो खाणार नाही. राग कशाचा होता हे आता कुणालाच आठवत नाही, त्यांनाही नाही. पिझ्झा मात्र अजून पांढराच खातात.

म्हणजे माझी अवस्था बघा. आयुष्यात पहिल्यांदाच माझं म्हणणं बरोबर ठरण्याची दाट शक्यता होती, आणि ते बरोबर ठरणं मला परवडणार नव्हतं.

एप्रिलमध्ये कारखान्याने मागच्या कुंपणाच्या आत खणायला सुरुवात केली.

जिथे खणतात तिथे आमच्याकडे निवृत्त माणसं जमतात. त्यांना उमारेल म्हणतात. ही माणसं हात पाठीमागे बांधून उभी राहतात, खणणाऱ्याकडे पाहतात आणि तो चुकतोय असं एकमेकांना सांगतात. लेआर्को त्यांचे प्रमुख. निवडणूक झालेली नाही, पण कुंपणाच्या वळणावरची जागा त्यांची, हे पावसालासुद्धा माहीत आहे. ते मला हाताला धरून तिथे घेऊन गेले.

"खिशातून हात काढ," ते म्हणाले.

"थंडी आहे."

"हात मागे. खिशात हात घातलेला माणूस बसची वाट बघतोय असं वाटतं."

एकोणतिसाव्या वर्षी मी हात पाठीमागे बांधले. बांधल्यावर खरंच जास्त कळतं, हे मी कबूल करतो. रक्ताभिसरणाचा काहीतरी संबंध असावा.

लेआर्कोंचं म्हणणं सरळ होतं. हा खड्डा नवीन इंजिन तपासायच्या चौथऱ्याचा आहे. चौथरा इंजिनाच्या मापाचा असतो. खड्डा लांब, म्हणजे चौथरा लांब, म्हणजे इंजिन लांब.

"एवढ्या लांबीत सहा ठेवले," ते म्हणाले, "तर एकमेकांना हाका माराव्या लागतील त्यांना."

"बारा," नेरिओ म्हणाले.

मी तो खड्डा मनापासून पाहिला. मला तो आखूड वाटला. पण मी फरशीवाला आहे, मला सगळंच आखूड वाटतं.

दोनच दिवसांनी कारखान्याने कुंपणाला हिरवं कापड लावलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, डोक्याच्या वर हातभर. विल्मेरच्या मते लपवतायत म्हणजेच बारा, साधी गोष्ट कोण झाकतं. टपालवाल्याच्या मते झाकतायत म्हणजे सहा, लाज वाटत असणार. माझी आई म्हणाली, धूळ उडते म्हणून लावलं असेल, पण तिला इंजिनातलं काही कळत नाही म्हणून ते कुणी मनावर घेतलं नाही. उमारेल मात्र रोज जाऊन कापडासमोर उभे राहायचे. हात मागे. कापड वाऱ्याने हललं की ते चुकीच्या दिशेने हलतंय असं म्हणायचे.

लेआर्को गप्प होत गेले. त्या रविवारी फोनवरचं त्यांचं बोलणं छतातून मला ऐकू आलं. 'बघू' आलंच नाही. बऱ्याच वेळाने आवाज आला, "आणि खोलीला पडदे कुठल्या रंगाचे आहेत?"

मी अंथरुणात उठून बसलो. माणूस पडद्यांपर्यंत पोचला की अर्धा गेलाच असं समजा.

मग मी ठरवलं की कापडात एक खिडकी पाडून घ्यायची. फार मोठी नको. वीतभर, डोळ्यांच्या उंचीला. लेआर्को रोज खड्डा पाहतील, खड्डा रोज लांब दिसेल, आणि लांब खड्डा समोर असताना माणूस वारेसेला जात नाही. अशा कामाला परवानगी लागते म्हणून मी नगरपालिकेत ओरियानाबाईंकडे गेलो. सगळी चूक इथे झाली. साधी कात्री घेऊन गेलो असतो तर ही गोष्टच झाली नसती.

ओरियानाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "खिडकी कारखान्याच्या कापडाला. त्याचं आम्हाला काही नाही. पण बघणारे कुठे उभे राहणार?"

"फुटपाथवर."

"म्हणजे सार्वजनिक जागा अडवणार."

"आत्ताही तिथेच उभे असतात ते."

"आत्ता ते चालतायत," बाई म्हणाल्या. "थांबत थांबत."

सार्वजनिक जागा अडवायला आमच्याकडे परवानगी मिळते, पण कशासाठी ते ठरलेलं आहे. इमारतीच्या परांच्या, कॉफीची टेबलं, लग्नाचा मंडप. नुसतं उभं राहणं कुठेच बसत नव्हतं. शेवटी विल्मेरने मोठ्या मनाने आपल्या बारची शाखा म्हणून तिथे टेबलं टाकायचं कबूल केलं. टेबलं आली तर छत्र्या हव्यात. जुन्या गावठाणात छत्र्या सायीच्या रंगाच्याच लागतात. हा फुटपाथ जुन्या गावठाणात नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तो तिथे नाही असा दाखला जुन्या गावठाणाचं कार्यालय देतं. ते गुरुवारी उघडं असतं. गुरुवारी ओरियानाबाईंची सुट्टी. दाखला घेऊन शुक्रवारी गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, टेबलांवर बसणाऱ्याला डोळ्यांच्या उंचीची खिडकी वर पडेल, आणि तो उठून उभा राहिला की परत पहिल्या प्रश्नावर आलो.

बोलण्यासारखं बरंच होतं, पण माझ्यामागे रांगेत आमच्या दुकानाचं गिऱ्हाईक होतं.

बाईंना दया आली असावी. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जत्रा का नाही करत? जत्रेला उभं राहिलेलं चालतं."

"कसली जत्रा?"

"कसलीही. गेल्या वर्षी पलीकडच्या गावात भोपळ्याची झाली. त्यांच्याकडे भोपळे नव्हते."

"आमच्याकडे खड्डा आहे."

"स्थानिक परंपरा आहे का?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "आहे. आमचे वडीलही तिथेच उभे असतात."

अशा रीतीने वीतभर खिडकीची 'पहिली वार्षिक खड्ड्याची जत्रा' झाली.

जत्रा म्हटल्यावर गाव ताब्यात घेतं. नेरिओंनी तळणीचं खातं मागून घेतलं आणि न्योक्को, म्हणजे मैद्याच्या टम्म फुगणाऱ्या चौकोनी पुऱ्या, डुकराच्या चरबीत तळायला दोन कढया आणल्या. बँडवाल्यांनी फुकट वाजवायचं कबूल केलं, कारण पैसे घेतले तर लोक चांगलं वाजवायला सांगतात. पाद्रीबाबा खड्ड्याला आशीर्वाद देणार होते. फक्त आधी भरून घेणार का, एवढं त्यांना समजून घ्यायचं होतं. कारखान्याला परवानगीचं पत्र गेलं तर उलट टपाली उत्तर आलं की आम्ही भारावून गेलो आहोत, खिडकी आम्हीच करून देऊ. खिडकी त्यांच्या रेखाटन विभागाने केली. लाल चौकट, पुढून निमुळती, मागून उतरती. वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून, असं ती बसवायला आलेला माणूस म्हणाला. ती सरासरी नागरिकाच्या उंचीला बसवली होती आणि लेआर्को सरासरीपेक्षा वीतभर कमी भरतात. मग चर्चमधून गुडघे टेकायचा बाक आणून खिडकीखाली ठेवला. त्यावर उभं राहायला लेआर्कोंनी बूट काढले.

जत्रेला जिल्हा लोटला. खिडकीसमोरची रांग पार पेट्रोलपंपापर्यंत. आत खोदयंत्र चालवणारा गडी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि कुणी डोकावलं की उगाचच यंत्राचा हात वर करत होता. पहिला मान लेआर्कोंचा. ते बाकावर चढले, हात मागे बांधले आणि बराच वेळ पाहत राहिले. सगळे थांबले. कढईतला न्योक्को तेवढा फुगत होता.

"लांब आहे," ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात डॉक्टर माल्वेत्सी मंचावर आल्या. आमच्याकडे पदवी घेतलेल्या प्रत्येकाला डॉक्टर म्हणतात, त्यामुळे आजारी पडलं की कुणाला बोलवायचं याचा घोळ होतो. या डॉक्टर कारखान्याच्या प्रसिद्धी विभागाच्या. वयाने माझ्याएवढ्या, चेहऱ्याने फार चांगल्या. ध्वनिक्षेपक हातात घेऊन त्या म्हणाल्या, "बोर्गोसेक्कोचं हे प्रेम पाहून आम्ही ठरवलं, जगाला जे उद्या कळणार ते तुम्हाला आज सांगायचं. नव्या इंजिनाला किती सिलिंडर आहेत ते."

मी आयोजक म्हणून त्यांच्या शेजारी उभा होतो. मला त्यांच्या हसण्यावरून कळलं. दाताचा डॉक्टर 'काही दुखणार नाही' म्हणताना जसा हसतो तसं ते हसू होतं. बारा सांगणाऱ्या माणसाला इतकी प्रस्तावना लागत नाही.

मी ध्वनिक्षेपकाची वायर उपटली.

शांतता झाली. शांतता झाली की आपली पाळी, असा बँडवाल्यांचा समज आहे. त्यांनी संचलनाची धून सुरू केली. डॉक्टर माल्वेत्सी हाडाच्या कामसू. त्या ओरडून सांगत होत्या, आणि ते कुणालाही ऐकू जात नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी दोन्ही हात वर केले. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याचा अंगठा.

सगळ्या मैदानाने पाहिलं. बँड एकेक वाद्य करत थांबला. सगळ्यात मोठा भोंगा शेवटी, त्याची पाठ मंचाकडे होती. डॉक्टर माल्वेत्सींकडे आता कुणीच पाहत नव्हतं. सगळे बाकावरच्या लेआर्कोंकडे पाहत होते. ते मोज्यांवर उभे होते. त्यांनी हात पाठीमागून पुढे आणले, आणि खड्ड्यासमोर हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी ते पुन्हा मागे बांधले.

"एका बाजूचे दाखवतेय," लेआर्को म्हणाले.

त्यांनी हनुवटीने मंचाकडे खूण केली.

"बारा सिलिंडर सहा-सहाच्या दोन ओळींत असतात. पोरीला हात दोनच. बोटं दहा. बारा दाखवणार कसे? शिकलेली आहे, एक ओळ दाखवली. दुसरी तशीच असते."

"तशीच," नेरिओ म्हणाले.

"आमच्याकडे तर नेहमी तशीच असते," विल्मेर म्हणाला.

"एर्मेस," लेआर्कोंनी मला हाक मारली. "तू जवळ होतास. काय म्हणाली ती?"

मी हातभर अंतरावर होतो. मला शब्द न् शब्द ऐकू आला होता. सहा सिलिंडर, दोन टर्बो आणि जोडीला विजेची मोटर. माझंच वाक्य, तेही माझ्याच क्रमाने. सगळा जिल्हा समोर, मी मंचावर, आणि मी बरोबर. असा योग माझ्या आयुष्यात आधी आला नव्हता आणि फरशांच्या धंद्यात पुढे येईल असं वाटत नाही. लेआर्को माझ्याकडे पाहत होते. वाट पाहत होते असं म्हणायला पाहिजे. उद्या सकाळी माझ्या छतावर काठी वाजणार की नाही, हे माझ्या तोंडात होतं.

"एका बाजूचे सहा," मी म्हणालो. "दुसऱ्या बाजूचं सांगत होत्या, तेवढ्यात बँड सुरू झाला."

"नाही, नाही, एकूण..." डॉक्टर माल्वेत्सी म्हणाल्या.

माझी आई कढईपासून थेट मंचावर आली आणि तिने गरम न्योक्कोची बशी त्यांच्या हातात दिली. "आधी खाऊन घे, बाळ, किती वाळलीयेस," ती म्हणाली. "आकडे कुठे पळून जातायत." आमच्या भागात ही बशी आजवर कुणी परत केलेली नाही. डॉक्टर माल्वेत्सींचं तोंड भरलं, बँडने दुसरी धून घेतली आणि बारा सिलिंडर रीतसर जाहीर झाले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. विल्मेरने ते पान आधीच काढून ठेवलं होतं, पण लेआर्कोंनी ते मागून घेतलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. "'सहा सिलिंडर.' जागा कमी पडली असेल," ते म्हणाले, आणि पत्ते वाटायला घेतले. रविवारी छतातून आवाज आला: "नाही, मिरेल्ला. बाराच आहे. पेपरवाले अर्धंच छापतात. पडदे राहू देत तुझ्याकडेच."

त्यांना खरं कळलं होतं का, असं मला लोक विचारतात. मी त्यांना विचारलेलं नाही. आयुष्यभर बाराचे ठोकळे ओतलेल्या माणसाला सहापर्यंत मोजता येत नाही, असं मानायची माझी पूर्ण तयारी आहे.

त्यानंतर आम्हाला बराच त्रास झाला. देशोदेशीचे मोटारवेडे आम्हाला हसले. कारखान्याने दोनदा खुलासा पाठवला. तो विल्मेरने बारमध्ये लावला, भिंतीकडे तोंड करून. म्युनिकच्या एका पर्यटकाने फोनवर इंजिनाचं चित्रच दाखवलं. त्यावर नेरिओ उठून उभे राहिले आणि चक्क एक अख्खं वाक्य बोलले: "तुमच्या फोनला एकच बाजू दिसते." पर्यटकाने तीन-तीन सिलिंडरच्या दोन्ही बाजू दाखवल्या. नेरिओ म्हणाले, "मग फोन बदला." गाव हटलं नाही. आम्हीसुद्धा बारा म्हणतो, पोस्टातही बारा म्हणतात, आणि शाळेत कुणी सहा म्हणालं तर बाई आईवडिलांना भेटायला बोलावतात.

पण आता कारखान्याचं नवीन पत्र आलं आहे. गावाच्या प्रेमाची परतफेड म्हणून पहिलं इंजिन गावच्या चौकात, काचेच्या पेटीत, झाकण उघडं, चारही बाजूंनी पाहता येईल असं कायमचं ठेवणार आहेत. खाली दिवासुद्धा लावणार आहेत. चौक लेआर्कोंच्या खिडकीतून दिसतो. काल मी परत ओरियानाबाईंकडे जाऊन अर्ज दिला. त्यांनी तो वाचला, चष्मा पुसला, परत वाचला, आणि हा विषय कुठल्या विभागात येतो ते शोधावं लागेल असं म्हणाल्या. अर्ज असा:

सबब अर्जदार नम्रपणे विनंती करतो की, बोर्गोसेक्को नगरपालिकेच्या हद्दीत सदर इंजिन बारा सिलिंडरचं समजण्यात यावं. ते चौकात आणल्यास दिसणारे सर्व सिलिंडर एकाच बाजूचे धरण्यात यावेत. हद्दीबाहेर त्याचे किती सिलिंडर आहेत याबद्दल आमची काहीही तक्रार नाही. आणि उरलेले सहा कारखान्याने श्री. लेआर्को बेर्तोनी यांच्या हयातीत, त्यांच्या सोयीच्या वेळी, कार्यालयीन दिवशी, गुरुवार वगळून, नगरपालिकेत आणून जमा करावेत.